पाठांतराच्या पुढच्या दोन पायऱ्या

बी.एड.च्या वर्गात अध्यापनाच्या तीन पातळ्या शिकवतात: स्मरण, आकलन आणि चिंतन. पहिलीशी हर्बार्टचं, दुसरीशी मॉरिसनचं, तिसरीशी हंटचं नाव जोडलेलं आहे. उत्तरपत्रिकेत ही नावं लिहून झाली की विषय अनेकदा तिथेच संपतो; खरं तर तो शाळेच्या वर्गात सुरू व्हायला हवा. आयताचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, हे घोकून घेणं ही पहिली पातळी. चौकटीच्या वहीत आयत आखून आतले चौकोन मुलांनाच मोजू दिले, की गुणाकार का करायचा ते उमगतं, ही दुसरी. आणि ‘२४ मीटर कुंपणात जास्तीत जास्त आयताकृती जागा कशी घ्याल?’ असं विचारून शिक्षक थांबले, तर मुलं १० बाय २, ८ बाय ४ करत करत ६ बाय ६ वर, म्हणजे ३६ चौरस मीटरवर पोचतात, ही तिसरी. पाठांतराला नावं ठेवू नयेत. पाढेच येत नसतील तर पुढचा विचार अडतो. पण सगळं शिक्षण पाठांतरावरच थांबवणं हा मुलांच्या बुद्धीवर अन्याय आहे. शिक्षकांनो, आठवड्यातून एक तास तरी तयार उत्तर देऊ नका. प्रश्न विचारा आणि मुलांना विचार करायला वेळ द्या.