उसन्या विजेवर घर चालत नाही

पेठला माझी खाला राहते. नाशिकहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे डोंगरातलं तालुक्याचं गाव. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मीटर मालकाच्या नावावर. त्याच्या घरातून एक वायर पत्र्यावरून खालाच्या घरात येते आणि मध्ये बाजारातून आणलेला सब-मीटर आहे. युनिटचा दर मालक ठरवतो. बारावीच्या परीक्षेआधी भाड्यावरून कुरबुर झाली आणि मालकाने बटण खाली केलं. माझ्या मावसबहिणीने दोन रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अभ्यास केला.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फोनवर खालाला विचारलं, "स्वतःचं मीटर का घेत नाही?" ती म्हणाली, "किराएदार का कैसा मीटर, बेटा?"

हे वाक्य मी आपल्या अनेक मोहल्ल्यांत ऐकलंय. ते चूक आहे. आणि चूक असूनही आपण ते पिढ्यानपिढ्या खरं मानत आलो, हा माझा राग आहे. तो मालकावर कमी आणि आपल्या शिकलेल्या पोरांवर जास्त आहे. त्यात मीही आलो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सिंगल फेज, थ्री फेज घोकून पास झालो, पण खालाच्या घरात वीज कुठून येते हे एकदाही बघितलं नाही.

विद्युत कायदा 2003 चं कलम 43 काय म्हणतं? जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला, तर वितरण कंपनीने एका महिन्यात वीज द्यायची. 'किंवा भोगवटादाराने' हे शब्द कायद्यात आहेत. भाडेकरू म्हणजे भोगवटादारच. विनाकारण उशीर झाला तर कंपनीला दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत 2024 साली बदल झाला आणि मुदत आणखी कमी झाली: ग्रामीण भागात 15 दिवस, डोंगराळ ग्रामीण भागात 30 दिवस.

मग अडतं कुठे? कागदावर. ओळखीचा पुरावा आपल्याकडे असतो, पण त्या घरात राहत असल्याचा पुरावा नसतो, कारण भाडेकरार तोंडी. त्यात मालकाचं ना हरकत पत्र मागितलं जातं आणि मालक ते देत नाही. त्याला वाटतं, भाडेकरूच्या नावाने बिल आलं की घर हातचं गेलं. ही भीती बिनबुडाची आहे. वीजबिलाने घराची मालकी सिद्ध होत नाही. त्यावरून एवढंच कळतं की हा माणूस इथे राहतो आणि वीज वापरतो. घर वाचवायचं असेल तर मालकानेच लेखी करार करून नोंदवावा, त्यात दोघांचंही भलं आहे.

आता बाजू उलटी करून बघा. आपल्याकडे कागद मागितला जातो, तेव्हा आपण चिडतो. चिडणं रास्तच आहे. पण पत्त्याचा इतका सोपा, दर महिन्याला नवा होणारा कागद हाताशी असताना आपण तो दुसऱ्याच्या नावावर का ठेवतो? कित्येक घरांत बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येतं. नाव बदलण्याचा अर्ज एका संध्याकाळी भरून होतो. आपण तो भरत नाही, कारण 'चाललंय ना'.

आता जोडणीचा प्रकार. इथे गल्लीतला वायरमन हाच आपला नियामक आयोग होऊन बसतो. तो सांगतो, "थ्री फेज घ्या, लाइट जाणार नाही." पेठसारख्या ठिकाणी पावसाळ्यात झाड पडून मुख्य वाहिनीच बंद पडली, तर तुमच्या घरात एक फेज असो वा तीन, अंधार सारखाच. तीनपैकी एकच फेज गेली तर थ्री फेजचा थोडा उपयोग होतो, पण त्यासाठी दर महिन्याला सिंगल फेजच्या तिपटीच्या आसपास स्थिर आकार भरायचा का? घरगुती सिंगल फेजवर 40 अँपिअरपर्यंत वीज मिळते, म्हणजे सुमारे 9 किलोवॉट. खालाच्या घरचा हिशेब मी मांडला: दोन पंखे, चार एलईडी दिवे, टीव्ही, फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीनची मोटर आणि इस्त्री. सगळं एकदम चालू केलं तरी दोन किलोवॉटच्या आसपास. तिला थ्री फेज विकणं म्हणजे सायकलवाल्याला ट्रकचं टायर विकणं. पिठाची गिरणी टाकायची असेल, दोन-तीन एसी आणि गिझर एकदम चालवायचे असतील, तर गोष्ट वेगळी.

दुसरी अफवा: "घरात शिलाई करता ना, मग कमर्शियल मीटर लागेल." हेही अर्धवट. घराच्या एका भागात छोटा धंदा असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. आपल्या किती बहिणी शिलाई, मेंदी, शिकवणी घरातूनच करतात! त्यांना ही ओळ कुणी वाचून दाखवली? पण वापर त्यापुढे गेला किंवा वेगळं दुकान काढलं, की जोडणीही बदला. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली, तर कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. आणि आकडा टाकणं ही कलम 135 खाली चोरी आहे, तिथे तुरुंगही आहे. गरिबी हे त्याचं उत्तर नाही. हक्क मागायचा तर हात स्वच्छ हवेत.

तिसरी गोष्ट एकत्र घरांची. चार भाऊ, चार चुली, मीटर एक. वाटतं, एकच बिल म्हणजे बचत. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: पहिले 100 युनिट सगळ्यात स्वस्त, मग 300 पर्यंत महाग, मग 500 पर्यंत आणखी महाग. प्रत्येक चूल 90 युनिट वापरत असेल, तर एका मीटरवर 360 होतात आणि त्यातले 260 महागड्या टप्प्यांत जातात. चार मीटर असते तर सगळे 360 युनिट पहिल्याच टप्प्यात बसले असते. तीन जास्तीचे स्थिर आकार भरूनही पैसे वाचतात. अट एकच: घरं खरोखर वेगळी हवीत आणि ते कागदावर दाखवता यायला हवं. खोटी विभागणी करू नका.

खालाचं काय झालं? मी रजा टाकून पेठला गेलो, मालकाशी तासभर बोललो. त्याने आधी नाही म्हटलं. मी कायद्याचं पान दाखवलं, मग नोंदणीकृत कराराचा मसुदा पुढे ठेवला. करार झाला, अर्ज गेला, कोटेशन भरलं, मीटर बसलं. पत्र्यावरची ती वायर मी स्वतः उतरवली. दोन ठिकाणी तिचं आवरण फाटून तांबं उघडं पडलं होतं. पावसात त्या पत्र्याला ओला हात लागला असता तर हा लेख वेगळा झाला असता.

म्हणून मित्रांनो, आज रात्री घरचं बिल हातात घ्या आणि चार गोष्टी वाचा: नाव कुणाचं, दर घरगुती की व्यापारी, फेज एक की तीन, मंजूर भार किती. चूक असेल तर या आठवड्यात अर्ज करा. अर्जाची पोच घ्या. मुदत उलटली तर लेखी तक्रार करा. तिथेही दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. मग शेजारच्या खालाचं बिल वाचा. तिला वाचता येत नसेल, तर आपल्या डिग्रीचा उपयोग तिथून सुरू होतो.