विश्लेषण : कारखान्यात ‘झीरो टॉलरन्स’ शक्य आहे का?

भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये ‘झीरो टॉलरन्स’चा पार्ट मागून पाहा, कोणीही ऑर्डर घेणार नाही. ‘सुरक्षेबाबत झीरो टॉलरन्स’ ही पाटी मात्र तिथल्याच भिंतीवर दिसू शकते.

मशीन शॉपमध्ये टॉलरन्स म्हणजे काय?

मापात किती फरक चालेल, याची लेखी मुभा. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटरच्या भोकाला ‘एच7’ लिहिले असेल, तर आयएसओ 286 मानकानुसार ते 25.000 ते 25.021 मिलिमीटरमध्ये बसायला हवे. मुभा फक्त 21 मायक्रॉन. सुताराचे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथे सूतभर चूक म्हणजे थेट भंगार. प्लग गेजची ‘गो’ बाजू आत गेली आणि ‘नो-गो’ अडली, की पार्ट पास.

मुभा घटली की खर्च चढतो. डिझायनरने गरज नसताना कडक केलेले माप छोट्या व्हेंडरचा नफा खाते. शून्य मुभा तर कोणतेच यंत्र देत नाही. 100 मिलिमीटरचा पोलादी पार्ट तापमान एका अंशाने वाढले तरी साधारण एक मायक्रॉन फुगतो.

इतर क्षेत्रांत?

रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा ±5 टक्के सांगतो. डॉक्टरांच्या भाषेत औषधाचा तोच डोस पुरेनासा होणे म्हणजे टॉलरन्स. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींवर हल्ला न करणे, हाही टॉलरन्सच. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यावरच्या संशोधनाला मिळाले. ‘सहिष्णुता’ हा मराठी प्रतिशब्द इथे जेमतेम चालतो, ड्रॉइंगवर अजिबात नाही.

मग पाटीचे काय?

ड्रॉइंगवर माप असते आणि ते कोणत्या गेजने तपासायचे हेही ठरलेले असते. पाटीवर यातले काहीच नसते. पॉवर प्रेसचेच पाहा. हात आत गेला की लाइट कर्टन स्ट्रोक थांबवतो, पण फ्रिक्शन क्लच असेल तरच. जुन्या की-क्लच प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही; तिथे सेन्सर लावून उपयोग नाही, हात आत जाणारच नाही असे गार्ड लागते. म्हणून पाटी लावणाऱ्यांना विचारायला हवे : प्रेस कोणत्या क्लचची आहे? सेन्सर बायपासची किल्ली कोणाकडे असते? शिफ्ट सुरू होताना गार्ड कोण तपासतो? आणि टार्गेट मागे पडले असताना प्रेस बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे का?