कण्हेर असू द्या बांधावर, पण तिची छाटणी गंजीजवळ नको

आज आधी माझी चूक सांगतो, त्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. वाटेच्या कडेला आमचं कण्हेरीचं कुंपण आहे, वडिलांनी लावलेलं. पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही, म्हणून लावलं. फांद्या वाटेवर आल्या तशा मी छाटल्या आणि ढीग कडब्याच्या गंजीला लागूनच टाकला. वाळल्यावर बघू म्हटलं. चौथ्या दिवशी गाभण कालवड दावं तोडून तिथं गेली. संध्याकाळी लाळ गाळत होती, पातळ शेण टाकत होती, रात्री उठेना. डॉक्टर पोचायच्या आत गेली. तोंडात लांबट वाळकी पानं होती.

"जनावर कण्हेर खात नाही" हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धंच खरं. हिरवं पान कडू, पोट भरलेलं जनावर त्याला हुंगून सोडतं. पण सुकलेलं पान, त्यात कडब्यात मिसळलेलं, भुकेलं जनावर खातं. आणि वाळल्यानं विष जात नाही. ओलिअँड्रिन थेट हृदयावर काम करतं. दहा-वीस पानं मोठ्या गायीला पुरतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही याच माळेतली.

खरी गोम कण्हेर सदाहरित असण्यात आहे. तिची रंध्रं पानाच्या खालच्या अंगाला बारीक खळग्यांत, लवेखाली दडलेली असतात, म्हणून पाणी कमी उडतं. त्यामुळंच मे महिन्यात सगळं रान करपतं तेव्हा हीच तेवढी हिरवी दिसते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरात माउंटन लॉरेल नावाचं असंच सदाहरित झुडूप आहे. गुलाबी-पांढरी फुलं, पेनसिल्व्हेनिया आणि कनेटिकटचं राज्यफूल. कूळ वेगळं, विषही वेगळं, पण हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेलं की मेंढरं त्याच्याकडं वळतात आणि मरतात. त्याच्या लहान भावंडाला तिकडचे शेतकरी 'लॅम्बकिल' म्हणतात, म्हणजे कोकरू मारणारं. आपल्याकडं बर्फाच्या जागी दुष्काळ, एवढाच फरक.

काही जण म्हणतात, कण्हेर उपटूनच टाका. मला पटत नाही. हायवेच्या दुभाजकात धूर, धूळ, ऊन सोसून ती उभी राहते, तिथं ती बरोबरच आहे. माझी तक्रार छाटणीची आहे. फांद्या छाटून रस्त्याकडेला तशाच सोडतात, आणि त्याच कडेनं शेळ्या-मेंढ्या जातात. छाटायचं काम ज्याला मिळतं त्यानंच त्याच दिवशी फांद्या उचलून न्याव्यात, हे कामाच्या अटीतच लिहिलेलं हवं. ग्रामसभेत विषय काढा. मी आमच्याकडं काढला, दोघं-तिघं हसले. हसू द्या.

घरच्या छाटणीचं म्हणाल तर मी आता खड्डा करून पुरतो, वर दगड. जाळत नाही, धूरही वाईट.

आणि जनावरानं खाल्लं अशी शंका आली तर त्याला चालवू-पळवू नका, डॉक्टरला फोनवरच "कण्हेर" हा शब्द सांगा. गाय बसली म्हणून कोणी कॅल्शियम लावायला निघतं, आणि या विषात कॅल्शियमनं हृदयाचा धोका वाढतो.

गोठ्याच्या बाजूचं कुंपण काढून मी करवंद लावलीय. तीही सदाहरित, पांढरी वासाची फुलं, काटा असा की म्हैस फिरकत नाही. गंमत म्हणजे ती कण्हेरीच्याच कुळातली. यंदा पहिली करवंदं धरली, पोरांनी कच्चीच मिठाला लावून संपवली.