विश्लेषण : मत देता येते, मत मांडता येते का? सरकारी कर्मचाऱ्यांवर नेमकी कोणती बंधने?

जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी १४ मार्च २०२३ रोजी राज्यभरातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. अमरावती, अकोल्यासह वऱ्हाडातील कार्यालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. नियमाने मनाई असलेला हा संप सात दिवस चालला. त्याआधी दीड महिन्यापूर्वीच अमरावती पदवीधर मतदारसंघात पेन्शनचा मुद्दा गाजला होता. पुढे जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावरही बंधने आणली. कर्मचाऱ्याला नागरिक म्हणून काय करता येते, नोकर म्हणून काय करता येत नाही आणि ही रेघ कोण आखतो, याचा हा आढावा.

नियम नेमके काय सांगतात?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९’ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. टपाल खात्यासारख्या केंद्रीय सेवेतील कर्मचाऱ्यांना केंद्राचे १९६४ चे, तर बडनेरा किंवा अकोला स्थानकावर काम करणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वेचे १९६६ चे नियम लागू होतात. पुस्तके वेगळी असली तरी गाभा एकच आहे. राजकीय पक्षाचे सदस्य व्हायचे नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, प्रचार करायचा नाही आणि निवडणूक लढवायची नाही.

मतदानाचा हक्क मात्र अबाधित आहे. अट एवढीच, की मत कोणाला दिले वा देणार याचा सुगावा लागू द्यायचा नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हासुद्धा प्रभाव टाकण्याचा प्रकार मानला जातो. उमेदवाराचा मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हा कायदा उमेदवारालाही सोडत नाही. निवडणुकीसाठी सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेणे हा भ्रष्ट मार्ग ठरतो. १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची निवड रद्द केली, त्यामागे असेच एक कारण होते.

पत्नी सरपंचपदाला उभी राहिली तर?

गावपातळीवर हा प्रश्न हमखास येतो. पती ग्रामसेवक किंवा शिक्षक आणि पत्नी ग्रामपंचायतीच्या रिंगणात, असे झाल्यास तिच्या उमेदवारीला या नियमांची आडकाठी नाही, कारण नियम नोकरदाराला बांधतात. पतीने मात्र प्रचारात फिरायचे नाही आणि पदाचा वापर करायचा नाही. घरातील व्यक्ती कायद्याने स्थापित सरकार उलथवण्याच्या चळवळीत असेल, तर तिला रोखण्याचा प्रयत्न करणे आणि ते न जमल्यास वरिष्ठांना कळवणे हे कर्तव्य आहे. नेहमीच्या निवडणुकीशी या तरतुदीचा संबंध नाही.

निदर्शने चालतात, मग संप का नाही?

या प्रश्नाचे उत्तर १९६२ च्या एका निकालात आहे. बिहार सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कोणत्याही प्रकारची निदर्शने आणि संप या दोन्हींना मनाई केली होती. ‘कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नियमाचे दोन तुकडे केले. शांततापूर्ण निदर्शने हा अभिव्यक्तीचाच प्रकार आहे, नोकरीत आल्याने माणूस मूलभूत हक्क गमावत नाही, म्हणून सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. संप करण्याचा मूलभूत हक्क मात्र नाही, असे सांगत न्यायालयाने तो भाग कायम ठेवला.

त्यामुळे आजच्या नियमांत सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची अखंडता अशा गोष्टींना बाधा आणणाऱ्या निदर्शनांना मनाई आहे, तर संपाला पूर्ण मनाई आहे. काळ्या फिती लावून काम, जेवणाच्या सुटीत द्वारसभा, सुटीच्या दिवशी मोर्चा ही संघटनांची नेहमीची आयुधे याच फटीतून आली आहेत. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने लाखाहून अधिक संपकऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ‘टी. के. रंगराजन’ निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताच हक्क नाही, असे त्यात म्हटले गेले.

तरीही २०२३ चा संप कसा झाला?

मनाई असूनही संप होतात, कारण संख्या मोठी असली की कारवाईची किंमत सरकारलाही मोजावी लागते. महाराष्ट्रात १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप तब्बल ५४ दिवस चालला होता. २०२३ चा संप सात दिवसांचा होता, पण त्याची मुळे २००५ मध्ये होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदान आणि बाजाराशी जोडलेली योजना लागू झाली. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोन लिपिकांचे म्हातारपण त्यामुळे वेगळे झाले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्यातून आली.

संपाच्या पहिल्याच दिवशी विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजेच ‘मेस्मा’ मंजूर केले. त्याच वेळी पेन्शनच्या अभ्यासासाठी तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समितीही नेमण्यात आली. एका हातात कायदा आणि दुसऱ्या हातात चर्चा, अशी ही भूमिका होती. २० मार्चला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबतच्या चर्चेनंतर संप मागे घेण्यात आला. आश्वासन पूर्ण न झाल्याने १४ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा संपाचे हत्यार उपसले गेले आणि नव्या आश्वासनानंतर तेही लगेच म्यान झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रापाठोपाठ राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मंजुरी दिली. पूर्ण सेवेनंतर मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी तीत आहे.

त्या आठवड्यात सामान्य माणसाचे काय झाले?

संपाच्या त्याच दिवसांत राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पिकांचे पंचनामे करणारे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकच संपावर असल्याने पंचनामे रखडल्याचा मुद्दा विधिमंडळात गाजला. आरोग्य सेवेचेही तसेच. अकोल्याचे सर्वोपचार असो की अमरावतीचे इर्विन, तिथे येणाऱ्या गोरगरिबाला दुसरा दवाखाना परवडत नाही. कारखान्यातील संपाचा फटका आधी मालकाला बसतो. सरकारी संपात मालक मंत्रालयात असतो आणि फटका सातबारा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला बसतो. संपावरील बंदीमागचे हे सर्वात भक्कम कारण आहे.

रस्ता बंद, मग मतपेटीचे काय?

विधान परिषदेच्या अमरावती पदवीधर मतदारसंघात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेला आणि नाव नोंदवलेला प्रत्येक जण येथे मतदार असतो. नोंदणी करणाऱ्यांत सरकारी नोकरदार आणि शिक्षकांचा भरणा मोठा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात जुनी पेन्शन देणार नसल्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते. तिजोरीवरील बोजाचे कारण त्यांनी दिले. जानेवारीत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचा प्रचार तापला, तेव्हा याबाबत सरकार नकारात्मक नसल्याची भाषा आली.

३० जानेवारी २०२३ रोजी मतदान झाले. अमरावतीत काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे माजी गृहराज्यमंत्री, अकोल्याचे डॉ. रणजित पाटील यांना पराभूत केले. शेजारच्या नागपूर शिक्षक मतदारसंघातही भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पडले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. कोणत्याही निकालाला एकच कारण नसते. तरीही मेळाव्यात हात वर करता न येणाऱ्या वर्गाकडे गुप्त मतदानाची ताकद आहे, हे या निवडणुकीने सर्वच पक्षांना दाखवले.

मग शिक्षक, प्राध्यापक राजकारणात कसे दिसतात?

पगार सरकारी तिजोरीतून मिळाला म्हणून प्रत्येक जण सरकारी कर्मचारी ठरत नाही. खासगी अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक संस्थेचे कर्मचारी असतात आणि त्यांची नियमावली वेगळी असते. ‘नुटा’ या प्राध्यापक संघटनेचे नेते प्रा. बी. टी. देशमुख यांनी अमरावती पदवीधर मतदारसंघाचे अनेक वर्षे प्रतिनिधित्व केले, ते याच वाटेने. दुसरीकडे, जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील शिक्षकाला पक्षाचे साधे सदस्यही होता येत नाही. शिक्षक मतदारसंघात मत देण्यासाठीही माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर शिकवण्याची अट असल्याने तो बाहेरच राहतो.

सरकारी अधिकाऱ्याला निवडणूक लढवायची असेल, तर राजीनामा द्यावा लागतो आणि तो मंजूरही व्हावा लागतो. अमरावतीला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात २०२३ मध्ये याचा प्रत्यय आला. आमला मतदारसंघातून लढू इच्छिणाऱ्या उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. तो मंजूर व्हायला न्यायालयीन लढाईनंतर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर काँग्रेसने तेथे दुसरा उमेदवार जाहीर केला होता.

मोबाइलवर काय लिहिता येते?

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेल्या शासन निर्णयानुसार केंद्र किंवा राज्य सरकारच्या सध्याच्या अथवा अलीकडच्या धोरणावर समाजमाध्यमांत प्रतिकूल टीका करता येत नाही. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवायचे आहे. स्वतःच्या खात्यावरील रील किंवा छायाचित्रात शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत वापरायची नाही. गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवायचे नाहीत. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम वापरता येते. योजनेच्या यशाविषयी लिहायलाही हरकत नाही, फक्त त्यात आत्मस्तुती नको. नियमित कर्मचाऱ्यांसह कंत्राटी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही या निर्णयाच्या कक्षेत आहेत. उल्लंघन झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

न्यायालयांनी मात्र प्रत्येक वेळी सरकारची री ओढलेली नाही. राजकीय सभेला हजर राहणे आणि फेसबुकवर मजकूर लिहिणे या कारणांवरून निलंबित झालेल्या महिला कर्मचाऱ्याच्या प्रकरणात त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. सभेला हजर राहणे म्हणजे राजकारणात सहभागी होणे नव्हे आणि सरकारी नोकर अभिव्यक्तीच्या हक्काला पारखा होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

इतर देशांत काय आहे?

जर्मनीत ‘बेआम्टे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायम सेवकांना संपाची मनाई आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रात दुसऱ्यांदा संप पुकारला गेला त्याच दिवशी, ही मनाई ग्राह्य धरली. मात्र तेथे या सेवकांना पक्षाचे सदस्य होता येते. ब्रिटनमध्ये पदानुसार बंधने कमी-जास्त होतात. वरिष्ठांवर ती कडक असतात, तर खालच्या पदांवरील अनेकांना बरीच मोकळीक असते. अमेरिकेत १९३९ च्या ‘हॅच’ कायद्यात १९९३ मध्ये दुरुस्ती झाली आणि बहुतेक संघराज्य कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर प्रचारात भाग घेता येऊ लागला. भारतात सचिव आणि शिपाई यांना जवळपास एकच फूटपट्टी लागते.

खरा वाद कशाचा आहे?

कर्मचारी तटस्थ असावा, याला कोणाचा विरोध नाही. पंचनामा करणारा तलाठी कोणत्या पक्षाचा आहे, हे शेतकऱ्याला कळण्याची वेळच येता कामा नये. पण तटस्थता ही जनतेच्या हिताची गोष्ट आहे, तर मौन अनेकदा सत्तेच्या सोयीचे असते. नियमांत या दोन्ही गोष्टी एकाच कलमाखाली येतात तेव्हा अडचण होते. ‘योजनेचा पैसा पोहोचला’ असे लिहिणारा कर्मचारी चालतो आणि ‘पोहोचला नाही’ असे लिहिणारा अडकतो, असे झाले तर ते नियम निष्पक्षपणाचे राहत नाहीत.

‘राजकीय’ कशाला म्हणायचे, हे ठरवण्याची मुभाही सत्तेकडेच असते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यात केंद्रीय कर्मचाऱ्यांनी भाग घेऊ नये, असे आदेश १९६६, १९७० आणि १९८० मध्ये निघाले होते. ९ जुलै २०२४ रोजी केंद्राने त्यांतून संघाचे नाव वगळले. संघटना तीच आणि वर्तणूक नियमही तेच होते. बदलला तो सरकारचा दृष्टिकोन.

संपाचा मार्ग बंद ठेवायचा असेल, तर वेळेत आणि बांधील चर्चा करणारी यंत्रणा हवी. पेन्शनच्या बाबतीत २००५ च्या निर्णयाची दुरुस्ती सुरू व्हायला जवळपास दोन दशके, दोन संप आणि एक निवडणूक लागली. तेवढ्या काळात नियम एकदाही शिथिल झाला नाही आणि कर्मचाऱ्यांना तो रोखूही शकला नाही. त्या ओढाताणीत गारपिटीनंतर पंचनाम्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला मात्र कोणत्याच चर्चेत खुर्ची नव्हती.