पैसे भरून उंदीर

चरबी ही मध्यमवर्गीय माणसाची खरी मुदत ठेव. ठेवताना कष्ट पडत नाहीत, व्याज आपोआप जमा होत जाते आणि मोडायला गेले की दंड बसतो. त्यात आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण चाळिशी उलटलेल्या जिभेला नवे वळण लागायला वेळ लागतो) म्हणजे साखरेचा जिल्हा. पहिला सहकारी साखर कारखाना 1950 साली आमच्याच प्रवरानगरला उभा राहिला. ज्या जिल्ह्यात साखर निवडणुका लढवते, कॉलेजे काढते आणि सोयरिकी जमवते, तिथे ती थोडी कमरेभोवती येऊन बसली तर तिला बोल कसा लावणार?

तेव्हा कुणाला पोट कमी करावेसे वाटले तर आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती बाटलीला.

ही बाटली आमच्या साडूंच्या फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी असते. करंगळीएवढी, आणि तळाशी चिमूटभर पांढरी पूड. तीत पाणी सोडायचे, इन्सुलिनच्या बारीक सुईने ओढायचे आणि पोटाच्या वळीत टोचायचे. पुडीचे नाव पेप्टाइड. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी माळ. इन्सुलिनही त्याच घराण्यातले. पण घराणे चांगले म्हणून पोरगा चांगला, या न्यायाने कर्ज मंजूर करायचे नसते, हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल.

बाटली दिली व्यायामशाळेतल्या एका दंडवाल्या पोराने.

"लेबल वाचलंत का?" आम्ही विचारले.

"इंग्रजीत आहे हो, भाऊसाहेब."

आम्ही चष्मा लावून वाचले. 'केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.' परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही.

"ते कायद्यापुरतं लिहावं लागतं," साडू म्हणाले.

आमच्याकडे सहीतली वेलांटी फिरली की साडेतीनशे रुपयांचा चेक परत जातो. इथे चेकवरच स्वच्छ लिहिले आहे की हा वटणार नाही, तरी खातेदार खिडकीशी उभा. आणि खिडकी म्हणजे त्याचेच पोट!

साडूंचे म्हणणे, वजन उतरवायची इंजेक्शने निघाली आहेत, पेपरात येते. ते खरे आहे, आणि खऱ्याला खरे म्हणायला कारकुनाची ना नसते. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी 2021 साली छापून आली. 1961 माणसे, 68 आठवडे. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 15 टक्के उतरले, खोटी सुई घेणाऱ्यांचे अडीच टक्केही नाही. टिर्झेपटाइड मार्च 2025 मध्ये आपल्याकडे रीतसर विक्रीला आले. मळमळ, उलट्या, पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाची सूज, हे सगळे त्यांच्या खात्यावर नावे पडलेले आहे, म्हणूनच ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. पण साडूंच्या बाटलीत ती नाहीत. तिच्यावर लिहिले आहे एओडी-9604.

याची कुळकथा ऐका. माणसाच्या वाढीच्या संप्रेरकात 191 अमिनो आम्ले असतात. त्याच्या शेपटीचा तुकडा चरबी जाळतो, असे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मंडळींना वाटले. उंदीर बारीक झाले. मग माणसांवर चाचण्या झाल्या. शेवटची 500 हून अधिक लठ्ठ माणसांवर, 24 आठवडे. 2007 साली निकाल लागला: औषधाने खोट्या गोळीपेक्षा काही विशेष केले नाही. कंपनीने लठ्ठपणाचा नाद सोडला. जे पत्र मेलबर्नहून 'नापास' शेरा घेऊन निघाले, ते इतक्या वर्षांनी सावेडीत 'प्रयोगशील' म्हणून पोचले!

"पण माझे चार किलो उतरले!" इति साडू. उतरले, नाही कोण म्हणतो? पण बाटली आणली त्याच दिवसापासून त्यांनी संध्याकाळची भेळ सोडली आणि भिस्तबाग महालापर्यंत पायी जायला लागले. एका दिवशी तीन नोंदी पडल्या, तर जमा कुणाच्या खात्यावर टाकायची? म्हणून तर खोटी सुई घेणारी अर्धी माणसे लागतात.

आता ते पोरगे दुसरी बाटली देणार आहे. रेटाट्रुटाइड. याचे आकडे दणदणीत आहेत, कबूल. 2023 साली 338 जणांच्या चाचणीत सगळ्यात मोठ्या मात्रेवर 48 आठवड्यांत 24 टक्के वजन उतरले. त्याच कागदावर हेही आहे की हृदयाचे ठोके वाढले. पण त्या माणसांना कंपनीची मोजलेली मात्रा मिळाली. व्यायामशाळेच्या बाटलीत तेच आहे, तेवढेच आहे आणि जंतूविरहित आहे, हे कुणी तपासले? शेजाऱ्याच्या पासबुकातली शिल्लक पाहून आपला चेक फाडण्यातला हा प्रकार. शिवाय किती टोचायचे हे पाणी किती घातले त्यावर ठरते. सेमाग्लुटाइडसारख्या पास झालेल्या औषधातसुद्धा, सुटी बाटली आणि सुई हाती आल्यावर लोकांनी 5 ते 20 पट मात्रा टोचून घेतली, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2024 साली दिला. साडूंची त्रैराशिके शाळेत कोण सोडवत असे, ते आमच्या सौ.च्या बहिणीला ठाऊक आहे.

आमचा राग प्रयोगावर नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात उसाची नवी जात काढतात तेव्हा ठिकठिकाणच्या प्लॉटवर, हंगामामागून हंगाम ती लावून बघतात. मगच शेतकऱ्याला बेणे मिळते. उसाला जी कदर, ती साडूला नको? आपल्याकडचे 2019 चे नियम सांगतात की चाचणीतल्या माणसाला औषधाने इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई वेगळी. त्याचे रक्त तपासतात, ठोके मोजतात, वहीत लिहितात. प्रयोगशाळेतल्या उंदराचीसुद्धा नोंद होते आणि उंदराकडून कुणी पैसे घेत नाही. आमचे साडू पैसे भरून उंदीर झाले, आणि वही कुणाकडेच नाही! उद्या त्यांना काही झाले तर पुढच्याला सावध करायलाही त्यांचा उपयोग नाही.

वही असली की सगळे सुखरूप, असेही नाही. रिमोनाबँट हे वजनाचे औषध परीक्षा देऊन बाजारात आले होते. ते मन पोखरते हे कळल्यावर 2009 साली आपल्या सरकारने बंद केले. 2011 साली हृदयापायी सिब्युट्रामीन गेले. आमच्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, तेव्हा लेखापरीक्षण, तपासनीस, संचालक सगळे होते. जिथे परवाना होता तिथे तो रद्द तरी झाला. जिथे नाहीच, तिथे रद्द काय करणार?

साडूंना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "तुम्हीही सुरू करा, दोघांत सवलत आहे." आम्ही व्यायामशाळेत जाऊन त्या पोराला एवढेच म्हटले की परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तुझी सही घालून पावती दे, आत्ता पैसे मोजतो.

"पावती नाही मिळत, काका," तो म्हणाला. "फक्त रोख."