सालवडच्या कामगाराने कोणता विमा निवडावा?

आरोग्यविमा कोणता घ्यावा, हा प्रश्न पूर्वी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात विचारला जाई. आता तो सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली येथील भाड्याच्या खोल्यांतही विचारला जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने आणि कापड यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराला घरातील एका आजारपणापायी कर्ज काढावे लागते, आणि मग कोणीतरी त्याच्या हाती पॉलिसीचे माहितीपत्रक ठेवतो. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु तो ज्या रीतीने विचारला जातो, तीत कामगाराची फसगत दडलेली आहे. त्याची निवड कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. दोहोंमागील विचार एकच होता: आजारी माणसाने बाजारात उभे राहून उपचाराची घासाघीस करू नये. जुलै २०१९ पासून या विम्याची वर्गणी कामगाराकडून पगाराच्या पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के अशी ठरली. म्हणजे पंधरा हजार पगारावर कामगाराचे सुमारे ११३ रुपये आणि मालकाचे सुमारे ४८८. एवढ्या रकमेत कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि उपचाराच्या खर्चावर कमाल मर्यादा नाही. वर्गणीचे ठराविक दिवस भरले की आजारपणात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन मिळते. कामावर अपघात झाला, तर पहिल्या दिवसापासून नव्वद टक्के.

खासगी पॉलिसीशी याची तुलना करून पाहावी. तेथे भरपाईची रक्कम ठरलेली असते आणि वय वाढेल तसा हप्ता चढतो. आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावयास लावण्याची मुभा कंपनीला आहे. बुडालेल्या रोजाची तर तेथे दखलच नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू झाली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या नेमून दिलेल्या उपचारांसाठी आहे. रोजचा ताप, खोकला, रसायनांनी उठलेली कातडी यांसाठी नव्हे. शिवाय परप्रांतातून आलेल्या कामगाराजवळ येथले शिधापत्रक असतेच असे नाही.

मग एवढा हक्क असूनही कामगार पॉलिसी का शोधतो? कारण त्याचे नाव पटावर नसते. तो कारखान्यात राबतो, पण कागदोपत्री ठेकेदाराचा असतो; ठेकेदार बदलला की तो पुन्हा नवखा ठरतो. वस्तुतः ठेकेदाराकरवी लावलेल्या कामगाराच्या वर्गणीची जबाबदारीही अखेर मुख्य मालकावर आहे. एखाद्या ठेकेदाराने सामूहिक पॉलिसीचा कागद पुढे केला, तरी तो राज्य कामगार विम्याची जागा घेऊ शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये याच वसाहतीतील एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार मरण पावले. अशा मृत्यूनंतर कामगार पटावर असेल, तर त्याच्या कुटुंबाला दरमहा निवृत्तिवेतन मिळते. पटावर नसेल, तर विधवेला मालकाच्या दारात उभे राहून तडजोडीची रक्कम घ्यावी लागते. नावाची एक नोंद असण्या-नसण्यात एवढे अंतर आहे.

मात्र नोंद झाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. विमा हे उपचाराचे वचन आहे, उपचार नव्हे. रात्रपाळीत भाजलेल्या वा बेशुद्ध पडलेल्या माणसाला वापी, वलसाड, सिल्वासा किंवा शंभर किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागत असेल, तर खिशातील कार्ड त्याचे प्राण वाचवीत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. हजारो कामगारांच्या या पट्ट्यात भाजलेल्यांवर आणि विषारी वायूची बाधा झालेल्यांवर तातडीने उपचार करणारे सुसज्ज सार्वजनिक रुग्णालय ही दया नव्हे, वर्गणी भरणाऱ्यांचे येणे आहे. वेतनमर्यादेचेही तसेच. २१,००० रुपयांची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये ठरली. तिच्यापुढे पगार थोडासा सरकला की कामगार विम्याबाहेर पडतो आणि पगारवाढ हीच त्याला शिक्षा ठरते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. कामगार चळवळीचे तिच्यावरील आक्षेप कायम आहेत. तरीही केंद्र सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी हा विमा लागू होईल, ही तिच्यातील तरतूद तारापूरच्या कामगाराने घट्ट धरून ठेवावी अशी आहे.

यास्तव कार्यकर्त्यांपुढील काम उघड आहे. वस्तीवस्तीत बसून प्रत्येक कामगाराचा दहा आकडी विमा क्रमांक पाहावा. हा क्रमांक जन्मभर एकच असतो; नव्या ठेकेदाराने नवा काढला, तर जुने दिवस हातचे जातात. पगारातून कापलेली वर्गणी खरोखर भरली गेली का, हे तपासावे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च या प्रत्येक सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरल्याशिवाय आजारपणाचा भत्ता मिळत नाही, हे सांगावे. पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील यांची नावे नोंदवून घ्यावीत. ज्यांचे नाव नाही त्यांच्या याद्या करून महामंडळाच्या कार्यालयात सामुदायिक अर्ज द्यावेत आणि पोच घ्यावी. हे काम सभेसारखे गाजत नाही; परंतु संघटना त्यातूनच उभी राहते.

कोणता विमा निवडावा, असे सालवडच्या कामगाराने विचारले, तर त्याला पॉलिसींची यादी देऊ नये. त्याला त्याचा पट दाखवावा, त्यावर त्याचे नाव लिहवून घ्यावे आणि मग त्याच्यासह रुग्णालयाची मागणी करावी.