आधी भोंगा, मगच दरवाजा



पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांची बातमी रोज येते. किती उघडले, किती क्यूसेक सोडलं. इच्छापूरकडचे आपण धरणाच्या वरच्या अंगाला, पण खाली भुसावळच्या बाजूला तापीत जाळी टाकणारे सोयरे आपलेच आहेत. त्यांच्यासाठी आमचं एकच मागणं आहे: भोंगा वाजल्याशिवाय दरवाज्याची मोटर सुरूच होऊ नये.

यात नवल काही नाही. विहिरीवरच्या पंपाला प्रिव्हेंटर असतो. एक फेज गेला की बटण कितीही दाबा, मोटर उठत नाही. बर्फाच्या कारखान्यात प्रेशर चढलं की कटआउट कॉम्प्रेसर बंद पाडतो, कोणाला विचारत नाही. यंत्र जळू नये म्हणून एवढी काळजी. मग पात्रातल्या माणसासाठी का नको?

आपल्या शेजारचंच बघा. ७ एप्रिल २००५ ला नर्मदेवर धाराजीला अमावस्येची जत्रा भरली होती. वर इंदिरा सागरमधून पाणी सुटलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. ८ जून २०१४ ला हिमाचलात लारजी धरणाचं पाणी सुटलं, बियास नदीत उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. निरोप माणसाच्या आठवणीवर सोडला की असं होतं. अन् व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पाण्यात उभ्या माणसाला काय कामाचा, फोन तर काठावर पिशवीत असतो.

नुसतं भोंग्याचं बटण दाबलं, एवढं पुरे नाही. भोंगा खरंच वाजला ही खूण यंत्राकडे परत आली पाहिजे, ठरलेली मिनिटं गेली पाहिजेत, मगच मोटरला वीज. पहिला दरवाजाही थोडाच उचलावा.

कोणी म्हणेल, पुरात भोंगाच बिघडला तर दरवाजे अडून धरण धोक्यात येईल. खरं आहे, हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. म्हणून कुलूप मोडायची किल्ली अधिकाऱ्याकडे असावी, पण ती फिरवली की वेळ अन् नाव आपोआप नोंदलं जावं, आणि खालच्या गावांत दवंडीची गाडी लगेच निघावी. भोंग्याला बॅटरी वेगळी हवी, लाईट गेल्यावरच तर त्याची गरज.

येत्या सभेत पाटबंधारे खात्याला द्यायचा हा ठराव मांडतोय. धरणाखाली जाळी टाकणाऱ्यांनी आपल्या घाटावर भोंगा ऐकू येतो का, ते गावाच्या नावासकट खाली लिहा.